पोरं तिकीटवाल्याकडे का येतात? : सुरतेच्या विद्यापीठ-ग्रंथपालांना खुलं पत्र

मा. ग्रंथपाल,
सुरत आणि दक्षिण गुजरातमधली विद्यापीठे व महाविद्यालये
यांस,



मी उधन्यात विमानाची तिकिटं, व्हिसा आणि परदेश सहली यांचं काम करतो. दुबई, बँकॉक, सिंगापूर, बाली आणि अलीकडे व्हिएतनाम. जानेवारी-फेब्रुवारीत माझ्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा विद्यार्थ्यांची वर्दळ जास्त असते. कुणी बीबीएचं, कुणी एमबीएचं, कुणी पर्यटनाच्या पदविकेचं. सगळ्यांच्या हातात प्रोजेक्टचा साधारण एकच विषय असतो, 'आंतरराष्ट्रीय पर्यटन आणि शाश्वत विकास'. आल्या आल्या म्हणतात, "काका, थोडा डेटा द्या ना."

माझ्याकडे डेटा कुठला असणार? माझ्याकडे दरपत्रकं आहेत. 'ग्रीन रिसॉर्ट' असं छापलेली चकचकीत पत्रकं आहेत, आणि त्यातलं ग्रीन म्हणजे टॉवेल रोज धुवायला टाकू नका एवढंच. पोरं त्याचेच फोटो काढून घेतात आणि ते प्रोजेक्टात लागतात. "लायब्ररीत जाऊन आलात का?" असं विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं, "तिथे या विषयावर काही नाही, काका."

तिथे काही नाही हे खोटं आहे. मला ते माहीत आहे, आणि माझ्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. म्हणून हे पत्र.

पत्र मराठीत का, तर माझे हिशेब गुजरातीत होतात आणि भांडणं मराठीत. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येतं. ज्यांना येत नाही त्यांना शेजारच्या टेबलावरचा कुणी पाटील किंवा महाजन वाचून दाखवील. या शहरात तो प्रत्येक कचेरीत असतो.

असं समजू नका की दुकानात बसून ऐकीव गोष्टींवर बोलतो आहे. अशाच एका मुलीबरोबर मी स्वतः एका ग्रंथालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण ते दुसरं कुठलंही असू शकलं असतं. दाराशी रजिस्टरात नाव, वेळ, सही. शोधाच्या संगणकावर मुलीने 'सस्टेनेबल टूरिझम' असे दोन शब्द टाकले, उत्तर शून्य. नुसतं 'टूरिझम' टाकलं तर डझनभर पुस्तकं निघाली, ती अर्थशास्त्राच्या कपाटात, ३३८.४७९१ या क्रमांकाखाली. प्रवासवर्णनं आणि देशोदेशीची माहिती ९१०च्या पुढे, म्हणजे वरच्या मजल्यावर इतिहासाच्या शेजारी. प्रदूषण ३६३.७, समाजशास्त्राच्या मागे. हवामान ५५१.६, ते विज्ञान विभागात, आणि त्या विभागाची किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. चारही ठिकाणी पुस्तकं होती. चारही ठिकाणं एकाच विषयाची आहेत, हे सांगणारी एक ओळ कुठे नव्हती. दर्शनी भागात 'फॉरेन' अशी पाटी लावलेली मांडणी मात्र दिसली. तीत आयईएलटीएस आणि जीआरईची गाइडं, पानं दुमडून दुमडून जाड झालेली.

कर्मचारी वागायला चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या मुलीला कुणी विचारलं नाही, "बेटा, नेमकं काय शोधतेस?"

ड्यूई साहेबाने १८७६ साली ज्ञानाचे दहा वर्ग पाडले तेव्हा विमान नव्हतं. त्याच्या क्रमांकांवर मी काय बोलणार? पण दरवर्षी १२ ऑगस्टला आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालता त्या रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले. त्यातला एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, आणि दुसरा, वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. चार कपाटांचे क्रमांक एका कागदावर लिहून दाराशी लावायला कुठलं अनुदान लागतं? पहिली मागणी तेवढीच. एका विषयाचा एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. कुठलं कपाट, कुठली नियतकालिकं, कुठले अहवाल, आणि अडलं तर कुणाला विचारायचं त्या माणसाचं नाव. परदेशी विद्यापीठांची ग्रंथालयं असे विषयवार मार्गदर्शक सर्रास करतात.

आता पैशांचं बोलू, कारण धंदेवाईक माणूस शेवटी तिथेच येतो. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं. १ जानेवारी २०२५ पासून देशभरातल्या सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ती खुली झाली. सगळा कारभार आपल्याच गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रातून चालतो. एल्सेव्हियर, टेलर अँड फ्रान्सिस, स्प्रिंगर नेचर, ऑक्सफर्ड ही मंडळी त्या यादीत आहेत. 'जर्नल ऑफ सस्टेनेबल टूरिझम', 'टूरिझम मॅनेजमेंट', 'अॅनल्स ऑफ टूरिझम रिसर्च' ही ज्यांची नियतकालिकं, तेच हे प्रकाशक. जगात पर्यटन आणि पर्यावरणावर जे गंभीर लिहिलं जातं त्यातलं बरंचसं इथे येतं, आणि सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

आणि त्या विद्यार्थ्याला याचा पत्ता नाही. माझ्याकडे आलेल्या पोरांना मी विचारतो. सबस्क्रिप्शन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमाचं अॅप येतं. लॉगिन कसं मिळतं, घरून उघडतं की आवारातूनच, मोबाइलवर चालतं का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सत्राच्या सुरुवातीला 'लायब्ररी ओरिएंटेशन' म्हणून जो अर्धा तास असतो त्यात नियम सांगितले जातात: पिशवी बाहेर, बोलायचं नाही, उशीर झाला तर दंड. सार्वजनिक पैशाने घेतलेली गोष्ट कुणी वापरत नसेल, तर ती घेतली तरी कशाला? दुसरी मागणी अशी की या अर्ध्या तासातली वीस मिनिटं या योजनेला द्या. पडद्यावर उघडून दाखवा, आणि पोरांच्या हातून एक लेख उतरवून घ्या.

खासगी विद्यापीठांच्या ग्रंथपालांना वेगळं सांगायचं आहे. ही योजना पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांपुरती आहे, म्हणजे आपल्या मुलांना ती मिळत नाही. फी मात्र त्यांची दुपटी-तिपटीने जास्त. शेजारच्या सरकारी विद्यापीठाशी बोलून या मुलांना तिथे बसून वाचायची सोय करून देणं हे आपल्याच पदाचं काम आहे.

इथवरच्या तक्रारी कुठल्याही शहराला लागू पडतील. सुरतेची म्हणून जी तक्रार आहे ती पुढे.

प्रवास आणि पर्यावरण या दोन्ही विषयांवर सुरतेइतकं घरचं साहित्य असलेलं दुसरं शहर मला सांगा. आपल्या महानगरपालिकेचं मुख्यालय ज्या मुघल सरायीत आहे ती १६४४ साली शहाजहानच्या काळात मुसाफिरांसाठी बांधली गेली. मक्केला निघालेले यात्रेकरू तिथे उतरायचे, आणि आज आपण तिथे घरपट्टीचे अर्ज घेऊन रांगा लावतो. सर टॉमस रो १६१५ मध्ये सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला. १६२३च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले आला, मग मांडेल्स्लो, तावर्निए, तेवेनो, फ्रायर. ओव्हिंग्टन या पाद्र्याने १६८९च्या आपल्या सुरत-प्रवासावर पुस्तकच लिहिलं, ते १६९६ साली लंडनला छापून आलं. जनावरांसाठी इथे इस्पितळ आहे हे त्याने मोठ्या नवलाने नोंदवून ठेवलं आहे. मराठी माणूस सुरतेचं नाव काढतो ते १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांसाठी, नाहीतर १९०७च्या काँग्रेस अधिवेशनात फेकल्या गेलेल्या जोड्यासाठी. पण शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीचं डोळ्यांदेखतचं वर्णनही इथल्या इंग्रज वखारीतल्या पाद्र्याच्या, एस्कॅलियटच्या, पत्रातच सापडतं.

यातला माझा आवडता माणूस टॉमस कोरियट. हा इंग्रज आलेप्पोहून निघाला आणि इराण पार करत, बराचसा पायी चालत, १६१५ मध्ये अजमेरला जहांगिराच्या दरबारी पोचला. एवढ्या वाटेत आपला खर्च किती थोडा झाला हे त्याने घरी मोठ्या फुशारकीने कळवलं आहे. डिसेंबर १६१७ मध्ये तो सुरतेत आला. आधीच पोटाने आजारी होता, त्यात इथल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आग्रहाने मद्य पाजलं, आणि तो इथेच मेला. आजच्या परिभाषेत 'लो कार्बन ट्रॅव्हल' म्हणतात त्याचा हा मूळ पुरुष आपल्या मातीत पुरलेला आहे आणि पर्यटन शिकणाऱ्या आपल्या पोरांना त्याचं नावही ठाऊक नाही. या बहुतेक पुस्तकांचा हक्क केव्हाच संपला आहे, ती आंतरजालावर फुकट मिळतात. प्रश्न फक्त ती एकत्र आणून ठेवण्याचा आहे.

उलट दिशेचा प्रवासही सुरतेने केला. महीपतराम रूपराम नीलकंठ हे सुरतेचे नागर ब्राह्मण १८६० मध्ये विलायतेला गेले. परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं, तरी त्यांनी इंग्लंडच्या मुसाफिरीचं पुस्तक गुजरातीत लिहिलंच. आज माझ्याकडे त्याच सुरतेची माणसं आजी-आजोबांसकट पासपोर्ट घेऊन येतात. मधल्या दीडशे वर्षांत काय झालं, या एकाच प्रश्नावर चांगला प्रोजेक्ट उभा राहील. पण तो सुचवणार कोण?

पर्यावरणाचं तर विचारूच नका. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेगची साथ आली आणि कित्येक देशांनी भारताकडची विमानं बंद केली, विमानतळांवर भारतीय प्रवाशांना वेगळं काढून तपासलं. एका शहराची अस्वच्छता साऱ्या देशाच्या परदेश प्रवासाला कशी आडवी येते, याचं याहून ठळक उदाहरण दुसऱ्या देशाच्या पाठ्यपुस्तकात शोधायची गरज नाही. मग महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात झालेली सफाई. मग ऑगस्ट २००६चा पूर, उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात सोडलेलं पाणी आणि बुडालेलं शहर. त्यानंतर हवामान बदलाला तोंड देणाऱ्या आशियाई शहरांच्या कार्यक्रमात सुरतेची झालेली निवड. बमरोलीला शहराचं सांडपाणी तिसऱ्यांदा शुद्ध करून पांडेसऱ्याच्या डाइंग मिलना विकणारा प्रकल्प २०१४ पासून चालू आहे, रोज चार कोटी लिटर क्षमतेचा.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. धुराच्या कणांचा परवाना बाजार, म्हणजे ज्याने आपल्या धुराड्यातून कमी धूर सोडला त्याने उरलेला परवाना दुसऱ्याला विकायचा, ही जगातली अशा प्रकारची पहिली योजना २०१९ मध्ये आपल्या सुरतेत सुरू झाली. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर शिकागो आणि येल विद्यापीठांचे अभ्यासक त्यात होते. बाजारात उतरलेल्या कारखान्यांचं कणप्रदूषण वीस ते तीस टक्क्यांनी घटलं, असा त्यांचा लेख २०२५ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. तो छापणारं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस वर सांगितलेल्या यादीत आहे. म्हणजे अमेरिकेतले प्राध्यापक विमानाने येऊन पांडेसऱ्याची धुराडी मोजून गेले, त्यांचा लेख आपण सहा हजार कोटींच्या योजनेतून पुन्हा विकत घेतला, आणि त्याच धुराड्यांच्या खाली राहणारं पोर माझ्याकडे येऊन मालदीवच्या रिसॉर्टचं पत्रक मागतं!

तिसरी मागणी म्हणूनच सगळ्यांत मोठी आहे. ग्रंथालयात एक 'सुरत कोपरा' करा. प्रवाशांची वर्णनं, पुराचे आणि प्लेगचे अहवाल, महापालिकेची कागदपत्रं, प्रदूषण मंडळाचे आकडे, आपल्याच विद्यापीठांतले या विषयांवरचे प्रबंध. प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चढवले की आपलं काम संपतं असं धरून चालू नका, बी.कॉम.च्या मुलाला शोधगंगा हे नदीचं नाव वाटतं. महापालिकेचा कवी नर्मद ग्रंथालयाचा पसारा आहे, १८५०चं अँड्र्यूज ग्रंथालय आहे. त्यांच्याकडे काय आहे आणि तुमच्याकडे काय, याची एकत्र यादी करा. नर्मदचं नाव विद्यापीठालाही आहे आणि त्या ग्रंथालयालाही, तर निदान त्या नात्याने बोलणं सुरू व्हावं.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती तिकीटवाल्यानेच बोलावी हे बरं. 'शाश्वत पर्यटन' या मथळ्याची जी पुस्तकं आपण मागवता त्यांतली बरीचशी गोड बोलणारी असतात. पिशवी कापडी घ्या, स्थानिक जेवण जेवा. हे सगळं ठीक आहे, पण विमानाचं काय? जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि हॉटेलं, खाणंपिणं, रस्त्यावरची वाहनं धरून सबंध पर्यटनाचा हरितगृह वायूंमधला वाटा नऊ टक्क्यांच्या जवळ जातो. सुरतेहून दुबई सुमारे अठराशे किलोमीटर, बँकॉक तीन हजार. काही संकेतस्थळांवर आता भाड्याच्या शेजारीच प्रवाशामागे किती किलो कार्बन निघणार हे दिसतं. एका मुलाने त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "काका, हा कुठून येतो? कोण मोजतं?" मी त्याला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं फुकट गणनयंत्र दाखवलं. त्यापुढचं त्याला मी सांगू शकत नाही, ते शिकवणं माझं कामही नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या उत्सर्जनाची भरपाई करण्याची 'कॉर्सिया' योजना २०२७ पासून भारताला बंधनकारक होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का शाश्वत इंधन मिसळायचं, २०३० पर्यंत पाच टक्के, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. सुरतेचा विमानतळ डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय झाला. या विषयाची माहिती असलेली माणसं या शहराला लागणार आहेत, आणि माझ्या दुकानालाही. माझा धंदा कमी होईल अशी पुस्तकं ठेवलीत तरी माझी हरकत नाही. ज्याला हिशेब कळतो असं गिऱ्हाईक मला चालतं.

भाषेबद्दल थोडक्यात. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना इथे खानदेशातून आलेल्यांची तिसरी पिढी राहते. महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्यांतून निघालेली पोरं आपल्या वाचनालयात येतात तेव्हा त्यांच्या भाषेतलं पुस्तक त्यांना दिसत नाही. मराठी व्याकरणाचे जनक दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये सुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा स्थापन करणाऱ्यांत ते होते. अ. का. प्रियोळकरांनी संपादित केलेलं त्यांचं आत्मचरित्र निदान सुरतेच्या ग्रंथालयात तरी मागितल्यावर हाती यावं. पर्यावरणावर मराठीत आज भरपूर आणि चांगलं लिहिलं जातं. एक कपाट पुरे.

शेवटची मागणी दाराबद्दलची. विद्यापीठाचं ओळखपत्र नसेल तर आत प्रवेश नाही, हा नियम मला समजतो. पुस्तकं घरी देऊ नका, पण बसून वाचू द्या. माझ्यासारखे ट्रॅव्हलवाले, मिलमधलं सांडपाणी शुद्ध करणारे ईटीपी सांभाळणारे ऑपरेटर, महापालिकेचे कारकून, शाळामास्तर यांना आठवड्यातला एखादा दिवस तरी मोकळा ठेवा, वाटल्यास वार्षिक शुल्क घ्या. इथून जवळच्या नवसारी, कामरेज, सोनगड या भागांवर राज्य करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली, आणि १९१० साली तिकडचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतलं. मग पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या गेल्या, शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत. परदेश प्रवासातून या देशात काय आणता येतं हे त्या मराठी राजाने आपल्याच मुलखात करून दाखवलं. आपल्याकडे तर पेट्या उचलायचंही काम नाही, फक्त दार उघडायचं आहे.

नव्या सत्राला अजून वेळ आहे. तोवर ते एक पानी मार्गदर्शक झालं तर मला शंभर प्रती पाठवा, मी दुकानात ठेवतो. पुढच्या जानेवारीत पोरं आली की दरपत्रकाऐवजी तेच हातात देईन आणि आपल्याकडे परत पाठवीन.



आपला,
उधन्यातला एक तिकीटवाला

ता. क. : 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ची मंजुरी २०२५, २०२६ आणि २०२७ या तीनच वर्षांची आहे.